गादीची माया

"तू मुद्दाम घसरलास. सगळ्यांच्या समोर. परत असं केलंस तर मी आईला सांगत बसणार न्हाई, सरळ दुसऱ्या टीममधी जाणार."

एवढं बोलायला केतकीला बराच वेळ लागला. तिची जीभ तिचं ऐकत नाही, हातपाय अर्धंमुर्धं ऐकतात, जन्मापासनंच तसं आहे. म्हणून भांडताना ती आधी समोरच्याची बाही मुठीत धरते आणि वाक्य पुरं होईपर्यंत सोडत नाही. माझ्या सगळ्या शर्टांच्या उजव्या बाह्या लोंबायला लागल्यात त्या ह्या भांडणांनी.

मी म्हटलं, घसरलो नाही, गादी खचली. ती म्हणाली, बरी तुझ्याच पायाखाली खचती, आणि बरी मी समोर असल्यावरच खचती. मग माझं डोकं सटकलं. ते सटकायला फार काही लागत नाही. नववीत असंच सटकलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. हातातली पाण्याची बाटली मी फेकली, ती खांबाला लागून गडगडत गेली.

"कुणाला लागली का?" जुबेरनं विचारलं. "मला दिसत न्हाई म्हणून आपलं विचारून ठेवलं."

जुबेर मोमीन माझ्या बरोबरीचा. डोळ्यांनी त्याला ऊन आणि सावली एवढंच कळतं. आमच्या टीममधला सगळ्यात शांत आणि सगळ्यात खवचट गडी तोच. केतकी माझी धाकटी बहीण, अकरा वर्षांची. आणि मी दिग्विजय मकोटे, सगळ्यांचा दिग्या. दिवसभर रिक्षांच्या बॅटऱ्या बदलायच्या स्टँडवर असतो. रिकामी काढायची, भरलेली घालायची, पुढची रिक्षा. संध्याकाळी खोखो.

खोखो सगळ्यांना माहिती असतो. दोन खांब, मधल्या रेघेवर आठजण उकिडवे बसलेले, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं. नववा पळून पाठलाग करतो. त्याला मागं वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधनं पलीकडं घुसायचं नाही. पळणारा पलीकडं गेला की बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून खो म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. पळणारे तिघं तिघं येतात. त्यांना सगळं माफ, कुठनंही वळायचं, साखळी करत, म्हणजे बसलेल्यांच्या मधनं नागमोडी पळायचं.

आमच्या खोखोत टीममधली तीन पोरं तरी केतकी-जुबेरसारखी पाहिजेत. पळायला येणाऱ्या प्रत्येक तिघांत एक पाहिजे. जुबेर म्हणतो, जगात हा एकच खेळ असा आहे की त्यात बसणाऱ्याला पळणाऱ्याइतका मान आहे, म्हणून तो आपल्यासाठीच काढला असणार.

केतकी पळते ती घोड्यावर. घोडा म्हणजे तीन चाकांची सायकल समजा, पण पायडल नाही. मधे सीट, पुढं छाती टेकायला उशी, आणि पायानं जमीन ढकलत जायचं. पडायची भीती जवळजवळ गेली की तिचे पाय काय पळतात ते बघण्यासारखं आहे. पुढचं चाक ती असं वळवते की माणूस चुकतोच. निदान मला तसं वाटायचं.

आता गादी.

आमच्या गल्लीच्या मागं एक यंत्रमागाची शेड बंद पडून रिकामी होती. सांगलीच्या एका प्रयोगशाळेनं ती साफ करून तिथं खोखोच्या मैदानाएवढी गादी अंथरली. वरनं साधं जाड कापड, आमच्याच गावात विणलेलं. माझी आई कापडातले तुटके धागे शोधायच्या कामाला जाते, तिच्या हाताखालनं ते गेलंय. त्या कापडात सुताबरोबर वीज नेणारे धागे आहेत. खाली मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, तळहाताएवढा एकेक, आणि प्रत्येकात एक चिकट पाणी. त्या पाण्यात बारीक भुकटी असते. वीज नसली की भुकटी नुसती तरंगते, कप्पा मऊ, पाय रुततो. वीज दिली की भुकटीचे कण हातात हात धरून ओळीनं उभे राहतात आणि कप्पा टणक. वीज काढली की हात सुटले. पापणी लवायच्या आत हे कितीतरी वेळा होतं.

वरदाताईनं पहिल्या दिवशी आमच्या घरात येऊन आईच्या परातीत मक्याचं पीठ कालवून दाखवलं होतं. हळू बोट घातलं तर बुडतं, बुक्की मारली तर हाताला लागतं. म्हणाली, गादीतलं पाणी हे नाही, पण ह्याचा चुलतभाऊ आहे. तिथं बुक्कीचं काम वीज करते. वरदाताई त्या प्रयोगशाळेतली इंजिनिअर, वरदा टांकसाळे. आईनं ते पीठ वाया जाऊ दिलं नाही, त्याच्या वड्या करून तिलाच खायला घातल्या. ताईनं दोन खाल्ल्या आणि पाणी मागितलं.

तर अशी गादी. प्रत्येकाच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधे एक पट्टी चिकटवतात. तिच्यात बारीक टोकं असतात, ती बोटानं टोचल्यासारखी टोचतात. जुबेरच्या पाठीवर अख्खं मैदान उमटतं. पळणारा म्हणजे त्याच्या पाठीवरनं चालणारी मुंगी. ज्याला ऐकू येत नाही त्याला खो थापेसारखा लागतो. आणि पट्टीवरनं गादीला कळतं की हा पाय कुणाचा.

मग गादी तोल साधते. माझ्यासारखा जोरात पळणारा आला की त्याच्या पायाखाली जराशी मऊ होते, पंचगंगेच्या काठच्या ओल्या वाळूसारखी. केतकीच्या चाकाखाली दगडासारखी टणक, म्हणजे चाक सुळकन जातं. किती मऊ आणि किती टणक हे कुणी बसून ठरवत नाही. गादीच्या मेंदूनं ते आम्ही खेळताना बघून बघून शिकून घेतलं. सगळ्यात आधी आमची गादी शिकली, आणि तिचं शिकलेलं डोकं मग दुसऱ्या गावांतल्या गाद्यांत घातलं. आम्हाला त्याचा लई अभिमान होता. स्टँडवर रिक्षावाल्यांना मी सांगायचो, राज्यभरातली पोरं आमच्या पायांनी पळायल्यात.

बाटली फेकली त्याच्या दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरची टीम सरावाला आली. तालुक्याच्या मॅचला अजून वेळ होता. केतकी पळायला उतरली आणि त्यांचा एक उंच पोरगा तिच्यामागं लागला. ह्या पोरानं केतकीला जन्मात बघितलं नव्हतं. हात लांब केला, आता धरणार, आणि त्याचा गुडघा वाकला. तिनं चाक वळवलं, गेली. दुसरा आला, त्याचाही गुडघा वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं सगळ्यात जास्त.

केतकी बाहेर आली, तोंड लाल. मी काही म्हणायच्या आत जुबेर म्हणाला, "दिग्या, एक सांगू? तुझ्या बहिणीजवळ गेली की मुंगी हळू व्हायल्या. तू असलास तरी, आणि ही नवी पोरं असली तरी. तू मुद्दाम करत असशील, पण ही पोरं कशाला करतील?"

केतकीनं माझी बाही धरली होती. ती हळूच सोडली.

जयसिंगपूरवाले गेल्यावर आम्ही तिघं मागं राहिलो. मला गोष्टी दिसतात, पुस्तकातल्या नाही, पण समोरच्या दिसतात. मी केतकीला मैदानात मधे उभं केलं आणि तिच्याकडं पळत गेलो. शेवटच्या चार पावलांत गादी खचली. मग घोडा तिथंच ठेवून केतकीला बाकावर बसवलं आणि रिकाम्या घोड्याकडं पळालो. काही नाही, टणक. मग मला सुचलं. केतकीच्या पाठीवरची पट्टी काढून मी जुबेरच्या पाठीला चिकटवली, त्याची माझ्या खिशात. त्याला मधे बसवलं आणि पळालो.

जुबेरच्या जवळ गेलो आणि घोट्यापर्यंत रुतलो.

"आता कसं," जुबेर म्हणाला, "एकदम आमदार झाल्यासारखं वाटायलंय."

केतकी हसली नाही. बाकावर बसून ती गादीकडं बघत होती, जसं कुणी आपल्यामागं आपल्याबद्दल बोलताना सापडलं की बघतात तसं.

मी वरदाताईला फोन लावून जे काही बोललो ते इथं सांगत नाही. तिनं फोन ठेवला नाही हे तिचं मोठेपण. दुसऱ्या दिवशी दुपारीच ती आली. आधी म्हणाली, शक्य नाही, तोल ताकदीवर चालतो, माणूस बघून चालत नाही. मग लॅपटॉप उघडून बसली. आमचे जुने खेळ पुन्हा पुन्हा लावून बघितले. शेवटी तिनं मला विचारलं की गल्लीत तुम्ही केतकीला खेळायला घ्यायचा तेव्हा कसं घ्यायचा.

मी म्हटलं, कसं म्हणजे, लिंबूटिंबू.

हे कुणाला सांगायला पाहिजे असं नाही. कुठल्याही गल्लीत लहान पोरगं, नाहीतर अशक्त पोरगं, लिंबूटिंबू असतं. ते खेळात असतं पण बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्यामागं पळायचं, पण धरायचं नाही. धरलंच तर पोटाला गुदगुल्या करून सोडायचं. कुणी शिकवत नाही हे. आमच्या गल्लीत केतकी चालायला लागायच्या आधीपासनं लिंबूटिंबू होती.

वरदाताई म्हणाली, गादी शिकत होती तेव्हा तुम्ही सगळे गल्लीतलेच होतात. तुम्हाला पळा म्हटलं, तुम्ही पळालात. आणि केतकीजवळ गेल्यावर सगळेच्या सगळे, प्रत्येक वेळी, हळू झालात. "मशीनला काय कळणार, दिग्या. त्याला वाटलं जगाचा नियमच आहे हा. पाणी उताराकडं जातं तसा. मग जो हळू होणार नाही, त्याचं काहीतरी चुकतंय असं समजून गादी त्याला हळू करायला लागली."

"म्हणजे गादी आमच्यातलीच झाली," जुबेर म्हणाला.

ती एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती खरं बोलणारी बाई आहे. म्हणाली, हेच डोकं बाकीच्या गाद्यांत गेलंय. तिथं पट्टीत जिथं जिथं चाकाची खुर्ची, घोडा, कुबडी अशी नोंद आहे, तिथं तिथं हेच चालू असणार. ती पोरं जिंकतायत. त्यांच्या आया मला फोन करून रडतात, आनंदानं.

आई दारात उभी होती. ती कामावरनं सरळ शेडमध्ये आली होती, केसांत अजून सुताचे बारीक तंतू. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं वरदाताईला शांतपणानं विचारलं, मग बिघडलंय काय. कुणाला लागलं नाही, कुणाचं काही गेलं नाही. पोरगी पहिल्यांदा जिंकायला लागली. मग म्हणाली, "आख्ख्या जगात एक गादी तरी हिच्यावर माया करती. असू दे की."

मला तेव्हा आईचं पटलं. खरं सांगायचं तर अजून थोडं पटतं. केतकीला रस्त्यावर लोक कसे बघतात ते मी बघितलंय. दोनदा त्यावरनं मारामारी केलीय. कुठंतरी जमीनच तिच्या बाजूची असली तर काय वाईट?

केतकीनं घोडा ढकलत आईपर्यंत नेला आणि आईचा पदर धरला.

"आई, मी आत्तापर्यंत किती वेळा बाद झालो?"

आमच्याकडं पोरी पण जातो-येतोच म्हणतात. वरदाताईला सुरवातीला ह्याचं हसू यायचं, आता ती पण कधी कधी तसंच बोलते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आई म्हणाली, एकदा पण न्हाई, माझी वाघीण.

"मग मी खेळलो कधी?"

हे बोलायला तिला वेळ लागला तेवढा वेळ आई तिच्याकडं बघत राहिली. मग पदर सोडवून घेऊन ती घरी गेली. स्वैपाकाची वेळ झालीय म्हणाली. झाली नव्हती.

उपाय एकच होता. गादीचं शिकलेलं पुसून टाकलं तर ती नुसती सतरंजी. परत शिकवायला पाहिजे, आणि शिकवायला तेच पाय पाहिजेत, म्हणजे आमचे. तोल बंद ठेवून खेळायचं, गादी फक्त बघणार. कुणी सोडायचं नाही. केतकी सापडली तर धरायची. वरदाताई म्हणाली, बाकीच्या गावांचं मी बघते, आधी इथं होऊ दे. मग म्हणाली, तिकडची पोरं हरायला लागतील, रडतील.

"रडू देत," केतकी म्हणाली. "मी पण रडायलोय की."

खरंच रडत होती. आम्हाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरवात केली. वरदाताईनं भिंतीला एक पडदा लावला. त्यावर प्रत्येकाच्या नावाची पट्टी. तुमचा तुमचा जो सगळ्यात मोठा जोर आहे, त्यातला आत्ता किती लावताय, ते त्या पट्टीत भरत जातं. माझी पट्टी खांबाकडं पळताना काठोकाठ भरायची. मी केतकीच्या मागं लागलो. ती समोर, घोडा खडखडत, वेणी उडत. पायाखाली टणक, काही खचत नाही. मी पूर्ण जोरात गेलो. हात लांब केला. ती वळली, सुटली. मी मनात म्हटलं, वा गं पोरी.

मग पडद्याकडं बघितलं. शेवटच्या दोन हातांच्या अंतरात माझी पट्टी अर्ध्यावर आली होती.

मी म्हटलं पडदा खोटा आहे. परत पळालो. परत तसंच. परत. माझ्या डोक्याला वाटतंय मी जीव तोडून पळतोय आणि पाय तिच्याजवळ गेले की आपले आपण मऊ व्हायलेत. गादी बंद होती. खचत होतो तो मीच.

जो खेळाडू नसेल त्याला हे कळणार नाही, पण आपले पाय आपल्याला न विचारता काहीतरी करतात हे बघणं लई वाईट. तेवढ्यात मला वाटलं, केतकीला रोज हेच होत असणार, फक्त उलटं. पण हा विचार मला आवडला नाही, म्हणून मी पडद्याखालच्या भिंतीला लाथ घातली.

वरदाताई म्हणाली, बास करू या आज. तिचा आवाज दमलेला होता. पोरं रेघेवर बसल्या जागीच पाणी प्यायला लागली. केतकी मधेच उभी. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि बाही धरली. मला वाटलं समजूत काढणार.

"शाळेतनं पळालास," ती म्हणाली, "तेव्हा पण... असाच पळालास का? म्हणूनच... सरांनी... गेटवर धरला."

मी म्हटलं, केतू, गप.

"बॅटरीवाला. स्वतःची... डाऊन. नववी... नापास."

"नापास न्हाई. सोडली."

"सोडली म्हणं. घाबरला. गेटवर... रडला. मी बघितलो. सगळ्यांना... सांगू?"

मी रडलो नव्हतो. म्हणजे रडलो होतो, पण ते तिला कुठनं कळलं? त्या दिवशी गेटच्या बाहेर आईबरोबर ती होती? बाही तिच्या हातातनं हिसडून मी म्हटलं, थांब तुझ्या. तोवर तिनं घोडा वळवला होता. ती मला चिडवत साखळी करत निघाली, बसलेल्या पोरांच्या मधनं, इकडनं तिकडं, आणि मी मागं. नियम मोडायचं सुद्धा सुचलं नाही, इतकी सवय. मी खो दिला, कुणीतरी उठला, त्यानं मला परत खो दिला. मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवर मला थाप मारायची होती, जोरात, आता, आत्ताच्या आत्ता. ती डावीकडं हूल देऊन उजवीकडं गेली. ती हूल मला आधी कळली, कारण मीच तिला शिकवलेली. मी खांबाजवळनं झेप टाकली.

थाप बसली. तिच्या खांद्यावर, पूर्ण, आवाज आला. घोड्याचं मागचं चाक उचललं आणि केतकी घोड्यासकट आडवी झाली.

मी गुडघ्यांवर तिच्याजवळ गेलो. कोपर सोललं होतं, रक्त येत होतं. तिचा चेहरा गादीत होता आणि ती थरथरत होती. मी म्हणत होतो केतू, केतू, चुकलं, केतू. तिला उलटं केलं तर ती हसत होती. तिला हसू आलं की तिला श्वास पुरत नाही, तशी.

"काय झालं, कुणी सांगेल का?" जुबेर ओरडला. "माझ्या पाठीवर मुंगी मुंगीवर चढल्या."

पडद्यावर माझी पट्टी काठोकाठ होती. वरदाताई तिकडं बघत नव्हती. ती चष्मा पुसत होती.

तेवढ्यात आई आली, वाईट वेळी यायचा तिचा हातखंडा आहे. लेकीचं रक्त बघितलं आणि मला बघितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तिनं हात उचलला सुद्धा. खालनं केतकीनं तिच्या साडीची निरी धरली.

"आई," ती म्हणाली, "मी बाद झालो."

आईचा हात तसाच वर राहिला. मग तिनं तो स्वतःच्या तोंडाला लावला. खाली बसली, पदरानं कोपर पुसायला लागली आणि पुसता पुसता म्हणाली, "कसा झालास? पहिल्यापासनं सांग." आणि केतकीनं सांगितलं, पहिल्यापासनं, अडखळत, हूल कुठं दिली ते सुद्धा. पोरं घरी गेली, वरदाताईनं लॅपटॉप मिटला, तरी तिचं सांगून झालं नव्हतं. मी थोडा लांब बसलो होतो. माझा तळहात अजून झणझणत होता.

त्यानंतर गादी शिकली, हळूहळू. आम्ही पण. मला नंतर चिडवायला लागत नव्हतं, पहिल्यासारखं तर नाहीच. आता गादी केतकीच्या चाकाखाली टणक होते, माझ्या पायाखाली ठरल्याएवढी मऊ होते, आणि मी तिच्या जवळ असो की लांब, तेवढीच राहते. केतकी सुरवातीला आली की बाद, आली की बाद. घरी येऊन भांडी आपटायची. दुसऱ्या गावांतनं वरदाताईला वाईट फोन आले. एका बाईनं तिला विचारलं की तुम्हाला मूल आहे का. ताईनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा केतकीनं तो नंबर मागून घेतला, आणि त्या बाईच्या मुलाशी ती फोनवर बोलली. काय बोलली ते सांगत नाही. आता तो पोरगा रोज तिला हुलींचे व्हिडिओ पाठवतो आणि ती त्याला नावं ठेवते.

मग ती बाद व्हायला वेळ घेऊ लागली. माझ्या सगळ्या हुली तिला पाठ, आणि स्वतःच्या चार नव्या. त्यातली एक अशी की ती घोडा थांबवूनच टाकते, एकदम, आणि मागचा भरधाव पुढं निघून जातो. मी तिच्यात तीनदा फसलो. शेजारच्या शहापूरच्या टीमची कॅप्टन एका सरावाला आली होती, तिनं हे बघितलं आणि केतकीला सरळ विचारलं, येतीस का. मला वाटलं ही हसून नाही म्हणणार.

गेली. मला म्हणाली, तुला हरवायचं तर तुझ्याच टीममधी राहून कसं जमंल. मी चार दिवस बोललो नाही. जुबेर म्हणाला, पहिल्या भांडणातच तुला सांगितलं होतं तिनं, तू बाटली फेकण्यात गुंग होतास.

आज तालुक्याची मॅच. शहापूर आणि आम्ही. आईला मी सकाळी विचारलं की टाळ्या कुणाला वाजवणार. ती म्हणाली, जो बाद होईल त्याला.

शहापूरची गाडी मगाशीच येऊन केतकीला घेऊन गेली. घोडा मागं बांधला, तिला पुढं बसवलं. मी दारात उभा होतो, हात खिशात, बघत नसल्यासारखा. तिनं खिडकीतनं हात बाहेर काढून माझी बाही धरली.

"आज जर... माझ्याजवळ येऊन... तू..."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला, गाडी हलली, आणि बाही सुटली. तिनं सोडली नाही, सुटली. वाक्य अर्धंच राहिलं. पुढचं काय असणार ते मला साधारण माहिती आहे, पण तिच्याकडनं ऐकायचंय, मैदानावर, तिच्या पाठीपासनं एक हात मागं असताना.

बाहेर जुबेर हाका मारायलाय. मला आता जायला पाहिजे.